जॉन मोर्ले आणि तत्त्वाची हद्द

डिसेंबर १९०५ मध्ये इंग्लंडात सत्तापालट झाला. हुजूरपक्षाचे सरकार जाऊन कॅम्पबेल-बॅनरमन यांचे उदारमतवादी मंत्रिमंडळ आले आणि भारतमंत्री म्हणून जॉन मोर्ले यांची नेमणूक झाली. त्याच महिन्यात काशीला राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले आणि अध्यक्षपदावरून बोलताना गोपाळ कृष्ण गोखले यांनी या नेमणुकीचे मनापासून स्वागत केले. बर्कचा अभ्यासक, मिलचा शिष्य, ग्लॅडस्टनचा मित्र आणि चरित्रकार अशी त्यांनी मोर्ले यांची ओळख करून दिली, आणि आशेबरोबर मनातली धाकधूकही लपवली नाही. हिंदुस्थानातल्या सुशिक्षितांना मोर्ले परके नव्हते. मिल आणि स्पेन्सर यांच्याबरोबर त्यांचे ग्रंथ वाचतच एक पिढी घडली होती. पुढच्या पाच वर्षांत याच भारतमंत्र्याच्या अमदानीत लाला लजपतराय यांना चौकशीशिवाय हद्दपार केले गेले, टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, वृत्तपत्रांवर जामिनाचा फास आला आणि मुसलमानांसाठी स्वतंत्र मतदारसंघ निर्माण झाले. ज्याच्या लेखणीने स्वातंत्र्य शिकवले त्याच्याच कारकिर्दीत हे सारे घडले, याचा उलगडा कसा करायचा? आपल्याकडे पिढ्यानपिढ्या दिले जाणारे उत्तर सोपे आहे: खुर्ची मिळाली आणि तत्त्वज्ञ ढोंगी निघाला. हे उत्तर मला अपुरे वाटते. मोर्ले यांनी भारतमंत्री झाल्यावर तत्त्वे सोडली नाहीत. त्यांच्या तत्त्वांना आधीपासूनच एक हद्द होती आणि हिंदुस्थान त्या हद्दीबाहेर होता. ढोंगापेक्षा ही गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण ढोंग एका माणसाचे असते आणि हद्द एका संपूर्ण विचारपरंपरेची असते.

मोर्ले यांचा जन्म २४ डिसेंबर १८३८ रोजी लँकेशायरमधल्या ब्लॅकबर्न या कापडगिरण्यांच्या गावी झाला. वडील शल्यवैद्य होते. मुलाने धर्मोपदेशक व्हावे ही त्यांची इच्छा होती. ऑक्सफर्डच्या लिंकन कॉलेजात मुलाची श्रद्धा उडाली, बापलेकांचे बिनसले आणि १८५९ मध्ये साधी पदवी घेऊन मोर्ले लंडनला लेखणीवर पोट भरायला आले. न पटलेल्या धर्मासाठी तोंडदेखले हो म्हणण्यापेक्षा घरचा आधार गमावणे त्यांनी पत्करले, हे त्यांच्या स्वभावाबद्दल बरेच सांगून जाते. १८६७ ते १८८२ अशी पंधरा वर्षे त्यांनी ‘फोर्टनाइटली रिव्ह्यू’ चालवला आणि विवेकवाद्यांचे ते प्रमुख व्यासपीठ बनवले. व्होल्तेर, रूसो, दिदरो, बर्क, कॉब्डेन यांच्यावर त्यांनी ग्रंथ लिहिले. १९०३ मध्ये त्यांचे तीन खंडांचे ग्लॅडस्टनचरित्र प्रसिद्ध झाले. मिल यांचा सहवास त्यांना लाभला होता. आयुष्याची पहिली चव्वेचाळीस वर्षे हा माणूस संपादक आणि ग्रंथकार होता. १८८३ मध्ये न्यूकॅसलमधून ते संसदेत निवडून गेले तेव्हा विचारांचे भांडवल जमवून झाले होते. म्हणूनच त्यांच्या मंत्रिपदाचा हिशेब त्यांच्या ग्रंथांपासून मांडावा लागतो.

त्यातला सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ १८७४ मधला ‘ऑन कॉम्प्रमाइज’. माणसाने तडजोड कोठे करावी आणि कोठे करू नये हा त्याचा विषय. मोर्ले तीन क्षेत्रे पाडतात: मत बनवणे, मत बोलून दाखवणे आणि मत अमलात आणणे. मत बनवताना तडजोड मुळीच नको, बोलताना शक्य तितकी कमी, पण अमलात आणताना समाजाची तयारी पाहून थांबणे योग्य ठरू शकते, असा त्याचा गाभा. मराठी वाचकाला ही विभागणी ओळखीची वाटेल. आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला तेव्हा इष्ट काय ते बोलायचे आणि साध्य काय ते करायचे अशीच रेघ त्यांनी आपल्या पत्रासाठी आखली होती. गांधीजींचे चिटणीस म्हणून पुढे ओळखले गेलेले महादेव देसाई यांनी या ग्रंथाचे गुजराती भाषांतर केले. सत्याला जपणारे लोक या पुस्तकाकडे वळत होते, इतके त्याचे नैतिक वजन होते. पण त्यातली तिसरी पायरी बारकाईने पाहिली पाहिजे. समाज तयार आहे की नाही हे ठरवायचे कोणी? आगरकर ज्या समाजाबद्दल बोलत होते त्याच समाजात राहत होते. त्याची निंदा सोसत होते, आणि त्यांचा अंदाज चुकला तर समाज त्यांना तोंडावर सांगू शकत होता. इंग्लंडपुरते बोलायचे तर मोर्लेही याच स्थितीत होते. हजारो मैल दूरच्या, मताचा अधिकार नसलेल्या लोकांची तयारी लंडनमधल्या कचेरीत बसून मोजायची वेळ आली की तोच नियम पार वेगळा होतो. मोजणाऱ्याला जाब विचारणारा कोणी उरत नाही.

तयारीची ही कल्पना मोर्ले यांच्या गुरूकडून आली होती. मिल यांनी १८५९ च्या आपल्या स्वातंत्र्यावरील निबंधातच सांगून ठेवले होते की हा सिद्धान्त प्रगत समाजांसाठी आहे. मागासलेल्या समाजांना तो लागू नाही. मिल यांनी १८२३ ते १८५८ ही पस्तीस वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत नोकरी केली होती, हे इथे विसरून चालणार नाही. कंपनीचा कारभार चालवणारा माणूस स्वातंत्र्याचा सर्वांत मोठा भाष्यकार होता, आणि दोन्ही कामांत त्याला विरोध दिसला नाही, कारण समाज पायऱ्यापायऱ्यांनी वर चढतात आणि वरच्या पायरीवरच्यांनी खालच्यांना चालवावे हे त्याला स्वयंसिद्ध वाटत होते. आमच्याकडच्या वाचकांनी मिल वाचला तो या अपवादाकडे डोळेझाक करून, किंवा आपण आता त्या अपवादातून बाहेर पडलो आहोत अशा विश्वासाने. न्यायमूर्ती रानडे, आगरकर, गोखले यांच्या सगळ्या राजकारणाच्या मुळाशी हा विश्वास होता: शिकलो, संस्था उभारल्या, अंदाजपत्रकावर आकडेवार टीका केली, म्हणजे तयारी सिद्ध झाली. मोर्ले यांच्याशी गाठ पडली तेव्हा या विश्वासाची परीक्षा झाली.

मोर्ले भित्रे होते, म्हणून त्यांनी हिंदुस्थानला दगा दिला, असे कोणी म्हणेल तर आयर्लंडचा इतिहास त्याला उत्तर देतो. १८८६ मध्ये ग्लॅडस्टन यांनी आयर्लंडला स्वराज्य देण्याचे ठरवले तेव्हा उदारमतवादी पक्ष फुटला. मोर्ले यांचे जिवलग मित्र जोसेफ चेंबरलेन विरुद्ध गोटात गेले. मोर्ले यांनी मैत्री सोडली, पण आयर्लंडची बाजू सोडली नाही. आयर्लंडचे मुख्य सचिव म्हणून त्यांनी त्या विधेयकासाठी जिवाचे रान केले. जून १८८६ मध्ये ते तीस मतांनी पडले. १८९२ मध्ये पुन्हा तेच पद त्यांनी स्वीकारले. १८९३ मध्ये दुसरे विधेयक कॉमन्समध्ये मंजूर झाले आणि लॉर्ड्सनी ते ४१९ विरुद्ध ४१ मतांनी फेटाळले. आयर्लंडमधल्या दडपशाहीच्या कायद्यांविरुद्ध ते वर्षानुवर्षे बोलत राहिले. बोअर युद्धाच्या वेळी देशभर युद्धज्वर चढलेला असताना ते उघडपणे युद्धाविरुद्ध उभे राहिले. लोकप्रियतेची पर्वा न करणारा, हरणारी बाजू निष्ठेने लढवणारा असा हा राजकारणी होता. लोक त्यांना ‘प्रामाणिक जॉन’ म्हणत ते उगीच नव्हे. त्यामुळे प्रश्न अधिकच टोकदार होतो: आयर्लंडमध्ये जे पाप वाटले ते पंजाबात आणि मुंबईत राजधर्म कसे झाले?

याचे उत्तर मोर्ले यांनी स्वतःच दिले आहे. ऑक्टोबर १९०७ मध्ये स्कॉटलंडमधल्या आर्ब्रोथ येथे मतदारांपुढे बोलताना त्यांनी सांगितले की कॅनडाला जे मानवते ते हिंदुस्थानला मानवेलच असे नाही. कॅनडाच्या थंडीत फरचा कोट लागतो म्हणून दख्खनमध्येही तो घालावा असे म्हणण्यासारखे ते होईल. उदाहरणासाठी त्यांना दख्खनच आठवले ही आपल्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट, पण मुद्दा त्याहून खोल आहे. स्वराज्य हा त्यांच्या लेखी हवामानासारखा प्रश्न होता, हक्काचा नव्हता. हक्क असता तर तो दाखवून द्यावा लागला नसता. आयर्लंडचे ऐंशीहून अधिक राष्ट्रवादी खासदार कॉमन्समध्ये त्यांच्यासमोर बसत, मते देत, मंत्रिमंडळे उलथवत. त्यामुळे आयरिश राष्ट्र हे त्यांच्यासाठी डोळ्यांना दिसणारे वास्तव होते. ज्या मंत्रिमंडळात ते भारतमंत्री होते त्यानेच डिसेंबर १९०६ मध्ये ट्रान्सव्हालला जबाबदार राज्यपद्धती दिली. साडेचार वर्षांपूर्वीपर्यंत हातात बंदूक घेऊन लढलेल्या बोअरांना ती मिळाली, आणि पन्नास वर्षे अर्ज, ठराव आणि आकडे घेऊन उभ्या असलेल्या हिंदी लोकांना थांबायला सांगितले गेले. तयारीची कसोटी समान असती तर हा निकाल लागला नसता. कसोटी दोन होत्या, आणि कोणाला कोणती लावायची हे विचार सुरू होण्यापूर्वीच ठरलेले होते.

वंगभंगाच्या प्रश्नावर हे पहिल्यांदा दिसले. बंगालची ही फाळणी ऑक्टोबर १९०५ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने अमलात आणलेली. मोर्ले पदावर आले तेव्हा तिला जेमतेम दोन महिने झाले होते आणि बंगाल पेटला होता. फेब्रुवारी १९०६ मध्ये कॉमन्समध्ये त्यांनी कबूल केले की ही फाळणी संबंधित लोकांपैकी बहुसंख्यांच्या इच्छेविरुद्ध झाली आहे. पण लगेच ती आता ठरून गेलेली गोष्ट आहे असेही बजावले. लोकांची इच्छा मान्य करून ती बाजूला ठेवण्याचे हे कौशल्य ‘ऑन कॉम्प्रमाइज’च्या तिसऱ्या पायरीतूनच आले: मत स्पष्ट सांगितले, अंमल मात्र सोयीप्रमाणे. त्याच वर्षी गोखले लंडनला जाऊन त्यांना अनेकदा भेटले. ऑगस्टच्या सुरुवातीच्या भेटीत गोखले यांनी वसाहतींसारखे स्वराज्य हे आपले अंतिम ध्येय असल्याचे सांगितले, तेव्हा आपल्या उरलेल्या आयुष्याच्या कितीतरी पलीकडेपर्यंत ते स्वप्नच राहील असे मोर्ले यांनी त्यांना सांगितले. गोखले यांच्याबद्दल त्यांना आदर होता, जिव्हाळा होता आणि त्यांच्या आकडेवारीचे कौतुकही होते. एवढे असूनही गोखले यांच्या ध्येयाला त्यांनी स्वप्नाच्या कप्प्यात टाकले. नेमस्त राजकारणाची शोकांतिका या भेटीत सामावलेली आहे. ज्या माणसावर नेमस्तांनी सारी भिस्त ठेवली होती, तो त्यांना शिष्य मानायला तयार होता, पण समान मानायला नव्हता.

मग दडपशाहीचे पर्व सुरू झाले. मे १९०७ मध्ये लाला लजपतराय आणि अजितसिंग यांना १८१८ च्या तिसऱ्या रेग्युलेशनखाली उचलून मंडालेला पाठवले गेले. पेशवाई बुडाली त्या वर्षीचे हे हत्यार. त्याला ना आरोपपत्र लागे ना न्यायाधीश. मोर्ले यांनी संसदेत त्याचे समर्थन केले, पण ते त्यांना बोचत राहिले आणि नोव्हेंबरमध्ये दोघांची सुटका झाली. डिसेंबर १९०८ मध्ये अश्विनीकुमार दत्त, कृष्णकुमार मित्र यांच्यासह बंगालच्या नऊ जणांवर तेच रेग्युलेशन पुन्हा चालले. मधल्या काळात मुझफ्फरपूरचा बाँब झाला होता, वृत्तपत्रांविरुद्ध कायदा झाला होता आणि ‘केसरी’तील लेखांसाठी टिळकांवर मुंबईच्या उच्च न्यायालयात न्या. दावर यांच्यापुढे खटला चालून २२ जुलै १९०८ रोजी त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली होती. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस हरताळ पाळला. लंडनमध्ये मोर्ले यांना काय वाटले? त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड मिंटो यांना लिहिले की राजद्रोहाच्या नावाने होणाऱ्या या जबर शिक्षा पाहून आपण धास्तावलो आहोत; अतिरेकी कठोरपणाने सुव्यवस्था येत नाही, तो रस्ता बाँबकडे जातो. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनाही त्यांनी कळवले की आपला सल्ला विचारला असता तर टिळकांच्या वाटेला जाऊ नका असेच सांगितले असते. ढोंगाचा आरोप इथे टिकत नाही. ढोंगी माणूस चारचौघांत उदार बोलतो आणि खासगीत कठोर असतो. मोर्ले यांचे उलट होते. खासगी पत्रांत ते उदार होते आणि जाहीर कृतीत कठोर. मिंटो यांना लिहिलेल्या पत्रांतला मोठा भाग त्यांनी १९१७ मध्ये आपल्या आठवणींच्या ग्रंथात स्वतःच छापला. त्यांना काही लपवायचे नव्हते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की बिचारा मंत्री काय करणार? सहा हजार मैलांवरून कारभार, सिमल्यात मुरलेली नोकरशाही, लंडनला निवृत्त अधिकाऱ्यांनी भरलेले इंडिया कौन्सिल, पाठीशी अविश्वासू लॉर्ड्सची सभा; खटला भरून झाल्यावर त्याला कळणार. या म्हणण्यात तथ्य आहे, पण मोर्ले यांच्याच कारकिर्दीतली उदाहरणे ते खोडून काढतात. १९०७ मध्ये त्यांनी कृष्ण गोविंद गुप्ता आणि सय्यद हुसेन बिलग्रामी या दोन हिंदी गृहस्थांना इंडिया कौन्सिलवर घेतले. १९०९ मध्ये सत्येंद्र प्रसन्न सिंह यांना व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कायदेमंत्री केले. सिंह यांच्या नेमणुकीला नोकरशाहीचा विरोध होता, खुद्द राजे सातवे एडवर्ड यांची तीव्र नाराजी होती. तरी ती झाली. जो मंत्री राजाची नाराजी पत्करून नेमणूक रेटू शकतो, तो एका प्रांतिक गव्हर्नराला शिक्षा कमी करायला भाग पाडू शकत नव्हता, हे पटण्याजोगे नाही. व्हाइसरॉय हे लंडनच्या मंत्रिमंडळाचे ताबेदार आहेत हे तर मोर्ले मिंटोंना पुन्हा पुन्हा ऐकवत असत. सत्ता त्यांच्या हातात होती. मुद्दा हा की सिंहांची नेमणूक हा त्यांना तत्त्वाचा प्रश्न वाटला, कारण वर्णावरून लायक माणसाला डावलणे त्यांच्या उदारमतात बसत नव्हते. टिळकांची शिक्षा मात्र त्यांना प्रशासकीय चूक वाटली. चुकीबद्दल पत्र लिहिता येते; तत्त्वासाठी झगडावे लागते. स्वतः संपादक असलेल्या या माणसाच्या अमदानीत फेब्रुवारी १९१० मध्ये छापखान्यांकडून जामीन मागण्याचा कायदा झाला, तोही याच न्यायाने. लंडनच्या संपादकाचे स्वातंत्र्य हा हक्क होता. पुण्याच्या संपादकाचे स्वातंत्र्य ही परिस्थिती पाहून द्यायची सवलत होती.

१९०९ च्या सुधारणा याच मनोवृत्तीचे विधायक रूप आहेत. कायदेमंडळे मोठी झाली. केंद्रात जादा सभासदांची संख्या साठपर्यंत गेली, प्रांतांत बिनसरकारी बहुमत आले, अंदाजपत्रकावर ठराव मांडण्याचा आणि पूरक प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळाला. पण केंद्रात सरकारी बहुमत अबाधित राहिले, आणि ठराव मंजूर झाला तरी तो पाळण्याचे बंधन सरकारवर नव्हते. १७ डिसेंबर १९०८ रोजी लॉर्ड्सच्या सभेत मोर्ले यांनी निःसंदिग्धपणे सांगितले की या सुधारणांमुळे हिंदुस्थानात प्रत्यक्षपणे किंवा अपरिहार्यपणे संसदीय राज्यपद्धती येणार असेल तर आपण त्यांना हातही लावणार नाही. बोलायची मुभा, जबाबदारी कोणाची नाही, अशी ही रचना होती. ग्लॅडस्टनच्या चरित्रकाराला हे ठाऊक असायला हवे होते की जबाबदारीवाचून दिलेली वाचा टीकाकार घडवते, कारभारी घडवत नाही. दहा वर्षांनी हिंदी पुढाऱ्यांना कारभाराचा अनुभव नाही असे म्हणणाऱ्यांच्या हाती मोर्ले यांनीच पुरावा ठेवला. मतदारसंघांबाबत तर ते स्वतःच्या मतापासूनही ढळले. १९०६ च्या ऑक्टोबरमध्ये आगाखानांच्या मुस्लिम शिष्टमंडळाला मिंटो यांनी सिमल्याला स्वतंत्र प्रतिनिधित्वाचे आश्वासन दिले होते. मोर्ले यांना धर्मावर उभे केलेले मतदारसंघ पसंत नव्हते, म्हणून नोव्हेंबर १९०८ मध्ये त्यांनी संयुक्त निवडणूक मंडळांची योजना सुचवली. मुस्लिम लीगने हिंदुस्थान आणि लंडन अशा दोन्हीकडून दबाव आणताच त्यांनी ती मागे घेतली. इंग्लंडात मतदारांना पंथावरून वेगळे करण्याची कल्पना कोणी मांडली असती तर या इहवाद्याने ती क्षणभर ऐकून घेतली नसती. हिंदुस्थानसाठी मात्र ती त्याने कायद्यात बसवली, आणि त्या कायद्याचे परिणाम आपण अजून भोगतो आहोत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. या सुधारणांचा काहीच उपयोग झाला नाही असे कसे म्हणता? गोखले यांनीच त्यांचे स्वागत केले होते. फेब्रुवारी १९१० मध्ये नाताळला करारबद्ध मजूर पाठवणे बंद करावे असा ठराव त्यांनी याच नव्या कायदेमंडळात मांडला आणि सरकारला तो मान्य करावा लागला. ही लहान गोष्ट नव्हती. हजारो गरीब माणसांच्या आयुष्याशी ती निगडित होती. हे श्रेय मोर्ले यांना दिलेच पाहिजे. पण त्याच सभागृहात त्याच गोखले यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले, अत्यंत मवाळ, स्थानिक संस्थांच्या मर्जीवर सोडलेले. मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. सरकारला पटेल तेवढे सभागृहातून मिळे, न पटेल ते सरकारी मतांच्या भिंतीवर आपटून खाली पडे. देशातल्या मुलांना शाळेत घालण्याइतकी साधी गोष्ट देशातला सर्वांत सभ्य, सर्वांत अभ्यासू पुढारी मिळवू शकला नाही. मोर्ले यांच्या सुधारणांची मर्यादा दाखवायला याहून वेगळा पुरावा नको. शिवाय काळही निसटला होता. सुरतेला डिसेंबर १९०७ मध्ये राष्ट्रीय सभा फुटली. जहाल म्हणत होते की अर्जविनंत्यांनी काही मिळत नाही, आणि नेमस्तांच्या हातात दाखवायला काही नव्हते. सुधारणा आल्या तेव्हा टिळक मंडालेला होते. नवी मंडळे अस्तित्वात येत असताना, २१ डिसेंबर १९०९ रोजी, नाशिकला कलेक्टर जॅक्सनचा खून झाला. खुनाचे दायित्व मोर्ले यांच्यावर टाकणे अन्याय्य ठरेल. पण कठोरपणाचा रस्ता बाँबकडे जातो हे त्यांनीच लिहिले होते, आणि तो रस्ता बंद करण्याची सत्ता असताना त्यांनी तो उघडा राहू दिला.

तिसरा आक्षेप काळाचा. एकोणिसाव्या शतकात वाढलेल्या माणसाला आजचे माप लावू नका, त्या काळी कोणत्या इंग्रजाला हिंदुस्थानचे स्वराज्य शक्य वाटत होते, असे विचारले जाते. याला उत्तर त्या काळातूनच मिळते. मुंबई इलाख्यात आयुष्य घालवलेले सर विल्यम वेडरबर्न १८८९ मध्ये मुंबईला आणि १९१० मध्ये अलाहाबादला राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झाले. आसामचे माजी चीफ कमिशनर सर हेन्री कॉटन मोर्ले यांच्याच पक्षाच्या बाकांवरून कॉमन्समध्ये त्यांना हद्दपारीबद्दल जाब विचारत होते. मजूर पक्षाचे केअर हार्डी १९०७ मध्ये हिंदुस्थान फिरून आले आणि कॅनडाला मिळते ते हिंदुस्थानला का नाही हा प्रश्न जाहीरपणे विचारू लागले. आणि सर्वांत बोलका पुरावा दादाभाई नौरोजींचा आहे. १८९२ ते १८९५ या काळात दादाभाई सेंट्रल फिन्सबरीचे खासदार म्हणून त्याच सभागृहात, त्याच पक्षाकडून बसले होते, आणि मोर्ले ज्या आयरिश स्वराज्याच्या विधेयकासाठी झटत होते त्याला त्यांचा पाठिंबा होता. हिंदी माणूस संसदीय पद्धतीत काम करू शकतो की नाही, हे मोर्ले यांना ग्रंथांतून शोधायची गरज नव्हती. त्यांनी ते तीन वर्षे प्रत्यक्ष पाहिले होते. एका दादाभाईंवरून कोट्यवधींचे अनुमान काढता येत नाही असे कोणी म्हणेल. पण १८३२ पूर्वीच्या इंग्लंडातही मूठभरांनाच मत होते, आणि त्या मूठभरांच्या संसदेतूनच पुढची लोकशाही वाढली, हे त्या देशाचा इतिहास लिहिणाऱ्याला सांगावे लागू नये.

भारतमंत्रिपद सोडल्यानंतरची त्यांची कारकीर्द ही गोष्ट आणखी स्पष्ट करते. १९०८ मध्ये ते स्वतः लॉर्ड झाले होते, तरी ऑगस्ट १९११ मध्ये लॉर्ड्सचा नकाराधिकार काढून घेणारे विधेयक त्यांनीच त्या सभागृहात निर्णायक क्षणी पुढे रेटले. विधेयक अडवले तर राजे हवे तितके नवे लॉर्ड निर्माण करतील, हे राजाच्या संमतीचे निवेदन त्यांनी वाचून दाखवले आणि १३१ विरुद्ध ११४ मतांनी विधेयक मंजूर झाले. लोकांनी निवडलेल्या सभेचा शब्द अखेरचा, हे तत्त्व त्यांनी आपल्याच वर्गाविरुद्ध राबवले. आणि ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्धात उतरण्याचे ठरताच पंचाहत्तरीत असलेल्या या माणसाने मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. त्यांच्याबरोबर मंत्रिमंडळातून जॉन बर्न्स हे एकच सहकारी अखेर बाहेर पडले. तत्त्वासाठी पद सोडणे त्यांना अवघड नव्हते हे यातून सिद्ध होते. पण मग १९०७ ची हद्दपारी, १९०८ ची शिक्षा आणि १९१० चा मुद्रणकायदा यांतल्या एकाही प्रसंगी त्यांनी राजीनामा दिला नाही, याला धैर्याचा अभाव हे कारण उरत नाही. ज्या गोष्टींसाठी राजीनामा द्यायचा त्या यादीत हिंदुस्थान नव्हताच.

२३ सप्टेंबर १९२३ रोजी मोर्ले वारले. तोवर त्यांनी स्वप्न म्हणून बाजूला सारलेली गोष्ट सरकारी धोरण झाली होती. २० ऑगस्ट १९१७ रोजी हिंदुस्थानात क्रमाक्रमाने जबाबदार राज्यपद्धती आणण्याचे जाहीर झाले, आणि ती घोषणा करणारे भारतमंत्री एडविन माँटेग्यू हे १९१० मध्ये मोर्ले यांच्याच हाताखाली उपमंत्री होते. मोर्ले यांच्या आयुष्यातच, त्यांच्याच खात्यातून हे घडले. वंगभंगही त्यांच्या डोळ्यांदेखत १९११ मध्ये रद्द झाला. ठरून गेलेल्या गोष्टी सहा वर्षांत उलटतात आणि दूरची स्वप्ने अकरा वर्षांत सरकारी कागदावर येतात, तेव्हा लोकांची तयारी मोजणाऱ्याचे मापच चुकीचे होते असा निष्कर्ष निघतो. ‘स्वातंत्र्य सर्वांसाठी, पण अजून तुमच्यासाठी नाही’ असे म्हणणारा विचार वाईट माणसांच्या तोंडी असतो तेव्हा त्याचा प्रतिकार सोपा असतो. मोर्ले यांच्यासारख्या सचोटीच्या, विद्वान, संवेदनशील माणसाच्या तोंडी तो येतो तेव्हा तो ओळखणेच कठीण होते, आणि गोखले यांच्यासारख्यांची उभी हयात ती ओळख पटण्यात खर्ची पडते. हा विचार इंग्रजांबरोबर गेला असे समजण्याचे कारण नाही. आपल्याकडेही स्त्रिया, दलित, आदिवासी यांच्याबद्दल ‘अजून तयारी नाही’ हे वाक्य भल्या माणसांच्या तोंडी वारंवार ऐकू आलेले आहे आणि येते. म्हणून मोर्ले यांना नुसते निकालात काढू नये. त्यांचा ‘ऑन कॉम्प्रमाइज’ आणि त्यांची मिंटो यांना लिहिलेली पत्रे शेजारी ठेवून वाचावीत, आणि आपली तत्त्वे कोणापाशी येऊन थांबतात याची तपासणी प्रत्येकाने त्या निमित्ताने करावी.